शून्य बिलाचा हट्ट

सोलर बसवून देणाऱ्यांच्या जाहिरातींत पॅनेलचे चित्र लहान असते आणि शून्य मोठे असते. ‘वीजबिल शून्य’ एवढे दोन शब्द वाचले की पुढचे वाचायची कुणाला गरज वाटत नाही. सरकारनेही तीच भाषा उचलली. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या योजनेचे नावच ‘पीएम सूर्य घर : मुफ्त बिजली योजना’. तिच्यासाठी तरतूद ७५,०२१ कोटी रुपयांची आणि उद्दिष्ट एक कोटी घरांचे. त्याआधी २०२२ पर्यंत देशभरच्या छतांवर ४० गिगावॉट सौरक्षमता उभी करायचे ठरले होते आणि ते लक्ष्य फार मोठ्या फरकाने हुकले होते. तेव्हा लोकांना गच्चीवर चढवायचे तर ‘फुकट’ म्हणावेच लागेल, असे कुणाला वाटले असल्यास ते समजण्यासारखे आहे. पण घरचा हिशेब बिघडतो तो याच शब्दामुळे. महाराष्ट्रातल्या बऱ्याच घरांना सोलर परवडते, चांगलेच परवडते. ते परवडण्याचे कारण मात्र बिल शून्यावर येते हे नाही. बिलाचा वरचा, महाग भाग कापला जातो म्हणून ते परवडते. महाग भाग कापून झाल्यावर उरलेला स्वस्त भागही पुसून टाकायचा हट्ट धरला, की तिथून पुढचा प्रत्येक रुपया आळशी होत जातो. घराच्या बाबतीत हे खरे आहे, सोसायटीच्या बाबतीत खरे आहे आणि वीजव्यवस्थेच्या बाबतीतही खरे आहे.

आपण बोलताना गच्चीलाही स्लॅब म्हणतो आणि बिलातल्या पायरीलाही स्लॅबच म्हणतो. सोलरचे गणित या दोन स्लॅबच्या मध्ये राहते, आणि लोक त्यातल्या फक्त पहिल्याचे माप घेतात. दुसरा स्लॅब नीट पाहायला हवा. महावितरणच्या २०२४-२५ च्या दरपत्रकात घरगुती ग्राहकाला पहिल्या १०० युनिटना ४.७१ रुपये दर होता, १०१ ते ३०० युनिटना १०.२९ रुपये, ३०१ ते ५०० ला १४.५५ आणि त्यापुढे १६.६४. शिवाय प्रत्येक युनिटमागे १.१७ रुपये वहन आकार. म्हणजे पहिल्या पायरीवरचे युनिट जवळजवळ सहा रुपयांना, दुसरीवरचे साडेअकराला, तिसरीवरचे पावणेसोळाला. महिन्याचा सव्वाशेच्या आसपास स्थिर आकार वेगळा, आणि या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क. महिन्याला ३०० युनिट वापरणारे घर घेतले, म्हणजे दोन खोल्यांत पंखे, फ्रिज, गिझर, उन्हाळ्यात थोडा एसी, तर इंधन समायोजन आकार सोडून त्याचे बिल साधारण ३,५०० रुपये होते. यातली पहिली १०० युनिट एक पंचमांश बिलालाच कारण असतात, वरची २०० युनिट बाकीचा बहुतेक भार टाकतात. दर वर्षागणिक थोडे खालीवर होतात, पुढच्या वर्षी ते बदललेही. पण जास्त वापराला चढा दर ही रचना कायम आहे, आणि सोलरचा फायदा ठरतो तो या चढणीवर.

आता याच घराच्या गच्चीवर एकेक किलोवॉट चढवून पाहू. महाराष्ट्रात एक किलोवॉटचे पॅनेल वर्षाच्या सरासरीने दिवसाला चार युनिटच्या आसपास वीज देते, म्हणजे महिन्याला १२०. नेट मीटरिंगमध्ये आपण ग्रीडला दिलेली युनिट घेतलेल्या युनिटमधून वजा होतात आणि उरलेल्यांवर दर लागतो. त्यामुळे कापले जाते ते आधी वरून. पहिला किलोवॉट दुसऱ्या पायरीवरची १२० युनिट खातो आणि शुल्कासह महिन्याला जवळपास १,६०० रुपये वाचवतो. दुसरा किलोवॉट त्या पायरीवरची उरलेली ८० आणि खालच्या पायरीवरची ४० युनिट खातो. त्याची बचत १,३०० च्या वर. इथे बिल ३,५०० वरून साडेपाचशेवर आलेले असते. तिसऱ्या किलोवॉटला खायला उरतात फक्त खालच्या पायरीवरची ६० युनिट. त्याची बचत महिन्याला चारशेच्या थोडी वर, आणि उरलेली ६० युनिट खात्यावर साचत जातात. ३१ मार्चला जे शिल्लक राहील ते वीज कंपनी विकत घेते, पण त्याचा दर सर्वांत खालच्या पायरीच्याही बराच खाली असतो. तीनही किलोवॉटचे पॅनेल सारखे, ऊन सारखे, वीज सारखी. तरी पहिल्याच्या कमाईत आणि तिसऱ्याच्या कमाईत चौपटीचा फरक पडतो. आणि एवढे करून बिल शून्य होतच नाही. स्थिर आकार आणि त्यावरचे शुल्क, असे दीडशेच्या आसपास रुपये दरमहा भरावेच लागतात. जाहिरातीतले ते मोठे शून्य कागदावर कधीच उमटत नाही.

खर्चाच्या बाजूलाही हीच उतरण आहे. केंद्राचे अनुदान पहिल्या दोन किलोवॉटना प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,००० रुपये, त्यापुढे काही नाही. एकूण कमाल ७८,०००. अनुदान हवे तर पॅनेल आणि त्यातले सेलही भारतीय बनावटीचे लागतात, त्यामुळे किंमत थोडी चढते. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आल्याने ती थोडी उतरलीही. सोयीसाठी किलोवॉटला ६०,००० रुपये धरू. पहिल्या दोन किलोवॉटना घरातून ६०,००० जातात आणि वर्षाला कागदावर ३५,००० वाचतात. धूळ, सावली, पावसाळा, दुरुस्ती असे सगळे खिसेकापू धरले तरी अडीच-तीन वर्षांत पैसे परत येतात. तिसऱ्या किलोवॉटला ४२,००० जातात आणि वर्षाला पाच हजारांच्या आसपास वाचतात. तिथे पैसे सुटायला आठ-साडेआठ वर्षे लागतात. चौथा आणि पाचवा किलोवॉट तर अनुदानही नसताना फक्त मार्चअखेरच्या पडेल भावासाठी राबतात. आणि तरीही ३०० युनिटच्या घराला तीन किंवा पाच किलोवॉट विकणारे भेटतात. विकणाऱ्याला प्रत्येक किलोवॉटचे पैसे सारखेच मिळतात, घेणाऱ्याला मात्र प्रत्येक किलोवॉट सारखे देत नाही. ही गोष्ट अंदाजपत्रकाच्या कागदावर कुठेच लिहिलेली नसते.

यावर सरळ उत्तर मिळेल : पॅनेल पंचवीस वर्षे टिकते, मग आठ वर्षांत पैसे सुटले तरी पुढची सतरा वर्षे नफाच ना? तिसरा किलोवॉट तोट्याचा नाही, हे मान्यच करायला हवे. मुदत ठेवीच्या व्याजापेक्षा तो बराही ठरेल. पण पंचवीस वर्षांची हमी पॅनेलची असते, इन्व्हर्टरची नव्हे. इन्व्हर्टर त्या काळात निदान एकदा बदलावा लागणार. नेट मीटरिंगचे नियम पंचवीस वर्षे आहेत तसेच राहतील, अशी हमी तर कुणीच देत नाही. आणि खरा प्रश्न त्या ४२,००० रुपयांनी दुसरे काय झाले असते, हा आहे. जुना पंखा ७५ वॉट घेतो, बीएलडीसी पंखा तीस वॉटच्या आत-बाहेर. दिवसाला बारा तास फिरणारे चार पंखे बदलले तर महिन्याला साठ-पासष्ट युनिट वाचतात. म्हणजे तिसरा किलोवॉट ज्या ६० युनिटच्या मागे लागला होता तीच युनिट, बारा-तेरा हजारांत. शिवाय पंख्याला नेट मीटर लागत नाही आणि तो मार्चअखेरची वाट पाहत नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे : उद्या इंडक्शन येईल, विजेवरची स्कूटर येईल, मुलांच्या खोलीत एसी लागेल. हे दारात उभे असेल तर तिसरा किलोवॉट जरूर बसवावा, कारण मग त्याला वरच्या पायरीवरची युनिट खायला मिळतील. पण ‘कधीतरी लागेल’ म्हणून आज छत भरून टाकणे शहाणपणाचे नाही. २०१० नंतरच्या दशकात जगभरात पॅनेलच्या किमती नव्वद टक्क्यांच्या आसपास घसरल्या. वाट पाहिल्याने महाग पडलेली ही वस्तू नाही. जागा राखून ठेवावी, इन्व्हर्टर एक माप मोठा घ्यावा, इतकी तरतूद पुरे.

या उतरणीतून अनुदानाबद्दल एक अवघड गोष्ट दिसते. महिन्याला १०० युनिट वापरणाऱ्या घराची सगळी वीज स्वस्त पायरीवरची. एक किलोवॉट बसवून त्याची बचत महिन्याला पावणेसातशे, वर्षाला आठ हजारांच्या थोडी वर. केंद्राचे ३०,००० धरूनही त्याचे पैसे सुटायला पावणेचार वर्षे लागतात. उलट ३०० युनिटच्या घराने एक पैशाचेही अनुदान न घेता दोन किलोवॉट बसवले तरी त्याचे पैसे साडेतीन वर्षांच्या आत सुटतात. ५०० युनिटच्या घराचे तर त्याहून लवकर. म्हणजे ज्याला अनुदानाची गरज कमी त्याला रक्कम मोठी, आणि ज्याला गरज जास्त त्याच्या हातात ती पुरी पडत नाही. योजना आखणाऱ्यांना हे अगदीच सुचले नाही असे नाही. तिसऱ्या किलोवॉटला कात्री आणि पुढे पूर्णविराम, ही रचना त्या दिशेचीच आहे. राज्य सरकारने २०२५ मध्ये मंजूर केलेली ‘स्मार्ट’ योजना एक पाऊल पुढे जाते. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला एक किलोवॉटसाठी केंद्राच्या ३०,००० वर राज्याचे १७,५०० रुपये मिळतात आणि कुटुंबाला फक्त २,५०० भरावे लागतात. १०० युनिटच्या आत वापर असलेल्या इतरांनाही कमी प्रमाणात राज्याची भर आहे. याला कुणी रेवडी म्हणेल. पण सहा रुपयांच्या आत दिले जाणारे युनिट त्या दारापर्यंत आणायला वीज कंपनीला त्याहून जास्त खर्च येतो आणि तो फरक इतरांच्या बिलातून भरला जातो. ती युनिट त्याच घराच्या छतावर तयार होऊ लागली तर पंचवीस वर्षे चालणारी सवलत एका हप्त्यात मिटते. श्रीमंताच्या तिसऱ्या किलोवॉटला दिलेल्या १८,००० पेक्षा गरिबाच्या पहिल्या किलोवॉटला दिलेले १७,५०० समाजाला जास्त देतात. सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यातली मान्याचीवाडी राज्यातले पहिले सौरग्राम म्हणून गाजली. तिच्यापासून घ्यायचा धडाही हाच आहे : लहान घरांवर लहान संच, आणि ते सगळ्या घरांवर.

आता ग्रीडकडे वळू. नेट मीटरिंगमुळे ग्रीड ही जणू बँक होते. दुपारी युनिट भरायचे, रात्री काढायचे, आणि शुल्क काही नाही. पण दुपारी एकचे युनिट आणि रात्री आठचे युनिट ही दोन वेगळ्या किमतीची नाणी आहेत. दुपारी ऊन सगळ्यांच्याच गच्चीवर असते. संध्याकाळी दिवे, टीव्ही, एसी सगळ्यांकडे एकदम लागतात आणि ती वीज कोराडीच्या किंवा चंद्रपूरच्या कोळशातून येते. कॅलिफोर्नियात छतांवर इतके सोलर झाले की एप्रिल २०२३ पासून नव्या ग्राहकाच्या ग्रीडला दिलेल्या विजेचा मोबदला सुमारे तीन चतुर्थांशाने कापावा लागला. आपल्याकडेही वारे त्याच दिशेचे आहे. १ जुलै २०२५ पासून स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकाला महावितरण सकाळी ९ ते संध्याकाळी ५ च्या वापरावर युनिटला ८० पैसे सवलत देऊ लागले. दिवसाची वीज स्वस्त आणि रात्रीची महाग, हे एकदा मीटरला कळले की आज ना उद्या ते नेट मीटरलाही कळणार. मग सर्वांत सुरक्षित कोण? ज्याची बरीचशी वीज तयार होते तेव्हाच घरात खपते तो. पंप, वॉशिंग मशीन, गिझर, इस्त्री दुपारी चालवणारे दोन किलोवॉटचे घर नियम बदलले तरी फारसे हलणार नाही. सगळा भरवसा साठवलेल्या युनिटवर ठेवून पाच किलोवॉट चढवलेले घर मात्र प्रत्येक दरनिश्चितीला धास्तावत राहील.

ग्रीडशी असलेल्या या नात्याची दुसरी बाजू वीज जाते तेव्हा कळते. गावात लोडशेडिंग झाले, वर ऊन रणरणते आहे, पॅनेल झगझगीत आहे, आणि खाली घर अंधारात. पुष्कळांना हा विश्वासघात वाटतो, पण तो नियम आहे आणि योग्य आहे. ग्रीडला जोडलेला साधा इन्व्हर्टर बाहेरची वीज गेली की आपणहून बंद होतो. तसा तो झाला नाही तर खांबावर चढलेल्या वायरमनच्या हातातल्या तारेत आपल्या गच्चीवरची वीज शिरेल. वीज गेल्यावरही दिवे हवे असतील तर बॅटरी आणि हायब्रिड इन्व्हर्टर लागतो, आणि तो खर्च वरच्या कुठल्याच हिशेबात बसत नाही. रोज पाच-सहा तास वीज जाणाऱ्या ठिकाणी तो करावा लागेल. आठवड्यातून एकदा तासभर जाणाऱ्या ठिकाणी घरातला जुना इन्व्हर्टर आणि त्याची बॅटरी पुरते. विक्रेत्याने हे आधी सांगितले नाही तर दोष त्याचा आहे. पण जाहिरातीने ज्याला ‘स्वतःची वीज’ असे शिकवले त्याला हा प्रश्न विचारायचेही सुचत नाही. छतावरचे सोलर म्हणजे ग्रीडपासून सुटका नव्हे, तो ग्रीडशी केलेला दीर्घ करार आहे.

व्यवहारातल्या अडचणींपैकी बहुतेक गच्चीवर दहा मिनिटे उभे राहिले की दिसतात. एका किलोवॉटला साधारण १०० चौरस फूट मोकळी जागा लागते, आणि मोकळी म्हणजे सावलीतून मोकळी. आजकालचे पॅनेल सव्वादोन मीटर लांब आणि सव्वा मीटरच्या आत रुंद असते. त्यातले सेल माळेसारखे एकापुढे एक ओवलेले असतात. पाण्याच्या टाकीची, जिन्याच्या खोलीची किंवा शेजारच्या नारळाच्या झावळीची सावली त्यातल्या एका कोपऱ्यावर पडली तरी माळेचा तेवढा पदर अडतो. आत बसवलेला डायोड त्याला वळसा घालतो, पण त्या पदरातली वीज गेली ती गेली. डिसेंबरात सूर्य दक्षिणेला कललेला असतो आणि सावल्या लांबतात. म्हणून मे महिन्यात पाहून जागा ठरवणारा हमखास फसतो. उन्हाबद्दलही एक गैरसमज आहे. पॅनेलची क्षमता मोजतात ती त्याचा सेल २५ अंशांवर ठेवून, आणि त्यापुढे प्रत्येक अंशाला तिच्यातून एक तृतीयांश टक्क्याच्या आसपास गळती होते. अकोल्याच्या मे महिन्यात पॅनेल ६५ अंशांवर गेले तर तेरा-चौदा टक्के तिथेच जातात. त्याला ऊन हवे असते, भट्टी नको असते. गच्चीचा ब्रिकबॅट कोबा भोके पाडून फोडला तर पहिल्याच पावसात खालच्या खोलीचे छत ओले होते, म्हणून पायाला सिमेंटचे ठोकळे बरे. पण ठोकळे असोत की बोल्ट, वारा पॅनेलला खाली दाबण्यापेक्षा वर उचलायला जास्त पाहतो. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळाने अलिबाग-श्रीवर्धन पट्ट्यातली कौले आणि पत्रे कसे उडवले ते कोकणाला सांगायला नको. तिथे सांगाड्यावर वाचवलेले पाच हजार सर्वांत महाग पडू शकतात. बोअरवेलच्या क्षारयुक्त पाण्याने पॅनेल धुतले की पांढरे डाग बसतात. पंधरवड्यातून एकदा सकाळी, काच थंड असताना, साध्या पाण्याने पुसणे एवढी त्याची सेवा असते, पण ती पंचवीस वर्षांची असते.

मुंबई-पुण्यात हा सगळा हिशेब ऐकून फ्लॅटवाले विचारतील, आमची गच्चीच आमची नाही, त्याचे काय? आक्षेप रास्त आहे. वीस मजली इमारतीत ऐंशी कुटुंबे राहतात आणि टाक्या, लिफ्टची खोली वगळून गच्चीवर वीस-पंचवीस किलोवॉटची जागा उरते. कुटुंबामागे पाव किलोवॉट. प्रत्येकाचे बिल शून्य करायचे म्हटले तर इथे बोलणेच खुंटते. पण सोसायटीच्या सामायिक मीटरकडे पाहिले तर चित्र फिरते. लिफ्ट, पाण्याचे पंप, जिन्यातले दिवे यांचे बिल एकाच जोडणीवर येते. वापर महिन्याला हजारो युनिटचा, आणि महावितरणच्या हद्दीत तो घरगुती दरानेच मोजला जातो. म्हणजे बहुतेक युनिट थेट सर्वांत वरच्या, २०२४-२५ च्या दराने वहन आकारासह सतरा-अठरा रुपयांच्या पायरीवर. इथे वीस किलोवॉटचा प्रत्येक किलोवॉट हा ‘पहिला किलोवॉट’ असतो. अनुदान सोसायटीलाही किलोवॉटला १८,००० रुपये मिळते. पंप दुपारी चालवले तर वीज तिथल्या तिथे खपते. उंच इमारतीत सांगाडा महाग पडतो हे धरूनही दोन-तीन वर्षांत खर्च भरून निघतो आणि मेंटेनन्सचा आकडा वाढायचा थांबतो. मग अडते कुठे? सर्वसाधारण सभेत. गच्चीच्या गळतीची भीती, भाड्याने राहणाऱ्यांची उदासीनता, सिंकिंग फंडातला पैसा काढायला विरोध, आणि ‘माझे बिल कुठे कमी होणार’ हा प्रश्न. या प्रश्नाला उत्तर आहे. बिल नाही, मेंटेनन्स कमी होईल. पण ‘शून्य बिल’ असे मोठ्या अक्षरांत वाचलेल्या डोळ्यांना ते फिके वाटते. राज्यातले सर्वांत फायद्याचे छत या फिकेपणामुळे रिकामे राहते.

शेवटचा आक्षेप सर्वांत गंभीर आहे आणि तो टाळता येणार नाही. वरच्या पायऱ्यांवरचा चढा दर उगाच नाही. त्याच पैशातून खालच्या पायरीला आणि शेतीपंपांना स्वस्त वीज मिळते. बंगलेवाले सोलर बसवून ती पायरी उतरले की तारा, खांब, रोहित्रे यांचा खर्च वाटून घ्यायला उरतात ते गच्ची नसलेले. या वाटेने पुरेसे लोक गेले तर दर वाढतात, दर वाढले म्हणून आणखी लोक जातात, आणि मागे राहणाऱ्यांचे बिल फुगत राहते. धोका खरा आहे. पण त्याचे उत्तर सोलर थांबवणे हे नाही. क्रॉस सबसिडीचा भारच हलका करणे हा एक मार्ग, आणि दिवसा शेतीला सौर फिडरवरून वीज देणारी मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना त्याच दिशेची आहे. दुसरा मार्ग मापाचा. दोन किलोवॉट बसवून साठ-सत्तर युनिट अजून विकत घेणारे घर ग्रीडचे ग्राहक राहते, तारांचा आणि रात्रीच्या विजेचा थोडा वाटा उचलत राहते. बिल शून्यावर आणणारे घर मात्र रात्रभर ग्रीडवर झोपते आणि सकाळी स्थिर आकाराचे दीडशे टेकवून निघून जाते. तेव्हा शून्याचा हट्ट नुसताच महाग नाही, तो थोडा अन्यायाचाही आहे. आणि लहान माप धरल्याने हवेचे नुकसान होते असेही नाही. दोन किलोवॉट वर्षाला पावणेतीन हजारांच्या वर युनिट देतात आणि सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइड टाळतात. एका घराच्या पाच किलोवॉटऐवजी अडीच घरांचे दोन-दोन झाले तर तेवढेच टन टळतील, आणि घरांच्या खिशातून कमी पैसे जातील.

म्हणून घरावर सोलर घ्यायचे ठरवणाऱ्याने पहिले माप गच्चीचे घेऊ नये. मागच्या बारा महिन्यांची बिले काढावीत, प्रत्येकातली १०० च्या वरची युनिट मोजावीत आणि त्या बेरजेला बाराने भागावे. येणाऱ्या आकड्याला १२० ने भागले की किती किलोवॉट हवेत ते कळते. ३०० युनिटच्या घराला हे उत्तर १.७ च्या आसपास येते आणि ते दोनावर थांबते. मंजुरीची कटकट आता पूर्वीइतकी नाही. १० किलोवॉटपर्यंतच्या अर्जाला तांत्रिक व्यवहार्यता तपासणीची अट २०२४ च्या नियमांनी काढून टाकली आणि विनातारण कर्जही सहा-सात टक्क्यांच्या आसपास मिळते. आकडा बरोबर असेल तर पुढची वाट सरळ आहे. मग दर महिन्याला बिल येत राहील, साडेपाचशे रुपयांचे. विक्रेता ते पाहून म्हणेल, अजून एक किलोवॉट टाकला असता तर हेही गेले असते. त्याला ते बिल अपुऱ्या कामासारखे दिसेल. पण गच्चीवरचे ऊन संध्याकाळी उतरते, घरातले दिवे तेव्हाच लागतात, आणि त्या रात्रभराच्या उजेडाचे साडेपाचशे रुपये कुणालातरी द्यायलाच हवेत.